आप्पांची विहीर

आमच्या कचेरीतल्या निवृत्त मंडळींनी गेल्या दिवाळीत एक स्मरणिका काढली. तिच्यात दिगंबरने आप्पांवर लिहिलं आहे. दिगंबर हा आमचा त्या वेळचा टायपिस्ट. त्याला नकला करायची आणि लोकांना नावं ठेवायची हौस होती, ती ऐंशीच्या घरातही गेलेली नाही. 'आप्पांची विहीर' हा शब्द कचेरीत कसा रूढ झाला, ते त्याने रंगवून सांगितलं आहे. कागदावर असलेल्या पण जागेवर नसलेल्या कुठल्याही गोष्टीला आम्ही आप्पांची विहीर म्हणत असू. मंजूर झालेला पण कधीच न आलेला पंखा म्हणजे आप्पांची विहीर. दौऱ्यावर असलेला पण घरी झोपलेला ओव्हरसियर म्हणजे आप्पांची विहीर. पुढे आप्पांना न पाहिलेली नवी पोरंही हा शब्द वापरू लागली.

लेखात दिगंबरने खोटं काही लिहिलेलं नाही. फक्त ती विहीर आप्पांची नव्हती, माझी होती. हे मी या संक्रांतीपर्यंत कुणालाही सांगितलेलं नव्हतं, माझ्या बायकोलासुद्धा नाही.

आप्पा आमच्या नगरच्या कचेरीत नकाशाशाखेचे प्रमुख होते. मी त्यांच्या हाताखाली ट्रेसर होतो. म्हणजे ते पेन्सिलीने नकाशा काढत आणि मी त्यावर ट्रेसिंगचं कापड पसरून तो शाईने गिरवत असे. वय तेवीस, नोकरी कच्ची. आप्पा पंचेचाळिशीचे, काटकुळे, कान मोठे. शर्टाच्या खिशात कायम एक अर्धं ब्लेड कागदात गुंडाळून ठेवलेलं असे. शाईची रेघ चुकली तर ती ब्लेडने खरवडून काढावी लागते, म्हणून. पण त्यांचं स्वतःचं ब्लेड गंजून गेलेलं होतं. ते म्हणत, "शाई लावायच्या आधी विचार करणाऱ्याला ब्लेड लागत नाही."

ते भिंगारला राहत आणि सायकलने कचेरीत येत. सायकलवर माणसाने काय करावं याबद्दल त्यांची मतं ठाम होती. शीळ घालू नये. बोलू नये. उतारावर पायडल मारू नये, तो देवाने दिलेला असतो. "पायडल कुणीही मारतो, थांबायला अक्कल लागते," हे तर दिवसातून दोनदा. भिंगारच्या बाजारात लष्कराचा डिस्पोजलचा माल येई, त्यातून त्यांनी कॅनव्हास घेऊन स्वतः दोन तंबू शिवले होते. पाणी शेंदायच्या दोन कॅनव्हासच्या बादल्याही केल्या होत्या. त्यांची घडी घातली की भाकरीएवढी होई. काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, आम्हाला चहा देताना म्हणत, "घरात दोन घागरी भरा म्हटलं तर ह्यांची पाठ दुखते. आणि जगाच्या विहिरी वहीत उतरवून ठेवतात."

ती वही लांबट होती, बाइंडिंगची, जाड पुठ्ठ्याची. दर वर्षी थंडी सरता सरता आप्पा पाचसहा जणांना घेऊन सायकलवर चार-पाच दिवसांची फेरी काढत. रात्री तंबूत राहायचं, चूल मांडायची, पुढे जायचं. फेरी पाच दिवसांची असे पण तिची आखणी सहा महिने चाले. मला तर वाटे की फेरी हे केवळ निमित्त आहे, आप्पांना खरी गोडी आखणीची आहे.

आमच्या जिल्ह्याचा पूर्वेकडचा भाग कोरडा. तिकडे सायकलवर जायचं तर अंतर मैलात मोजून उपयोग नाही, असं आप्पांचं म्हणणं. ते अंतर पाण्यात मोजत. "नेवासा इथून चार पाणी," म्हणजे चार ठिकाणी बाटल्या भरल्या की नेवासा येतं. सगळी वही म्हणजे वाटेवरच्या विहिरींची यादी. प्रत्येक विहिरीला एक ओळ. गाव, खूण, मालक, किती परस, म्हणजे किती पुरुष खोल, दोर किती लागेल, पाणी कुठल्या महिन्यापर्यंत टिकतं. एक रकाना मालकाच्या स्वभावाचा होता. त्यात 'तुसडा, पण आई चांगली' किंवा 'बोलतो फार, तासभर धरून चालावे' अशा नोंदी असत. आणि शेवटचा रकाना होता, 'कोणाकडून ऐकले'.

कारण वहीचा मुख्य नियम असा होता की डोळ्यांनी पाहिलेलं तेवढं शाईने लिहायचं. ऐकलेलं पेन्सिलीने, आणि ते कुणाकडून ऐकलं त्याचं नाव शेवटच्या रकान्यात. माहीत नसेल तर जागा कोरी सोडायची. "माहीत नाही, हे लिहायलाही शिसं खर्चू नका," ते म्हणत. "कोरी जागा म्हणजे माहीत नाही. ते सगळ्यांना कळतं."

त्या वर्षी फेरी ठरली ती नगर, नेवासा, शेवगाव, पाथर्डी आणि करंजीच्या घाटाने परत नगर. शेवगाव ते पाथर्डी डांबरी सोडून गाडवाटेने जायचं, कारण आप्पांना त्या बाजूचे माळ पाहायचे होते. पाऊस आधीच्या पावसाळ्यात कमी झालेला. पुढचं वर्ष कसं जाणार होतं ते तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं, पण पाण्याची चौकशी नीट करायला हवी हे आप्पांनी ओळखलं होतं.

तयारी म्हणून दर रविवारी आम्ही सायकलच्या कॅरिअरला सहा-सहा विटा बांधून चांदबिबीच्या महालाचा चढ चढत असू. विटाच का, तर आप्पांच्या मते सामान बांधून सराव केला तर सामान झिजतं, विटांना काही होत नाही. एकदा चढावर एका म्हाताऱ्याने आम्हाला थांबवलं. म्हणाला, "काय भाव दिल्या?"

"विकायच्या नाहीत, बाबा," आप्पा म्हणाले.

"मग वर काय बांधताय?"

"काही नाही. वर नेतो आणि खाली आणतो."

म्हाताऱ्याने आम्हा पाचही जणांकडे एकेकदा पाहिलं. "सरकारी दिसताय," असं म्हणून तो निघून गेला. दिगंबर पुढे महिनाभर बड्या साहेबांच्या प्रत्येक फायलीवर 'वर नेतो आणि खाली आणतो' हेच वाक्य म्हणत असे.

दिगंबरचं आणि आप्पांचं भांडण ठेच्यावरून होतं. ठेच्याने तहान लागते, म्हणून आप्पांनी तो फेरीत बंद केला होता. दिगंबर म्हणाला, "आप्पा, मग मीठ तरी चालेल ना? का तेही पेन्सिलीनं?" आप्पा हसले नाहीत. त्यांनी त्याच्या पिशवीतून ठेच्याची डबी काढून काकूंच्या हवाली केली.

विहिरींची पाहणी आप्पा एरवी स्वतःच करत, आधीच्या रविवारी एकट्याने जाऊन. पण एकाहत्तरच्या डिसेंबरात लढाई झाली, रजा बंद झाल्या, रविवारचीही हजेरी लागली. शेवगाव ते पाथर्डीचा टप्पा पाहायचा राहून गेला. जानेवारीत त्यांनी तो मला दिला. वही कुणाच्या हातात देण्याची ही पहिलीच वेळ होती. सोबत शाईचं पेन दिलं, पेन्सिल दिली आणि म्हणाले, "ट्रेसर, तू गिरवतोस चांगलं. आता बघतोस कसा ते बघू."

शनिवारी रात्री एसटीच्या टपावर सायकल टाकून मी शेवगावला गेलो. रविवारी सकाळपासून गाडवाटेने सात विहिरी पाहायच्या होत्या. सहा नीट पाहिल्या. दोर सोडला, पाणी चाखलं, मालकांशी बोललो, शाईने लिहिलं. सहाव्या विहिरीनंतर बाभळीचा काटा लागून चाक बसलं. जोड लावला, तो निघाला, पुन्हा लावला. दुपारचे तीन वाजले. पाथर्डीहून नगरची चारची गाडी चुकली तर पुढची मिळेल याची खात्री नव्हती आणि सोमवारी हजर नसलो तर माझ्या कच्च्या नोकरीत ते बसत नव्हतं. सातवी विहीर वाटेपासून आत, एका नाल्याच्या अलीकडे, म्हसोबाच्या मागे होती. जाऊन यायला तास गेला असता.

वाटेवर एक शेतकरी शेळ्या घेऊन उभा होता. मी त्याला विचारलं, "म्हसोबामागं विहीर आहे ना? पाणी आहे का?"

"हाय की. लई पानी हाय. चैतातबी आटत न्हाई."

"खोल किती?"

"आठ परस. बांधीव हाय सगळी. आमच्या चुलत्याचीच हाय."

मी वही काढली. त्याने माझ्या वहीकडे पाहिलं, इस्त्रीच्या शर्टाकडे पाहिलं आणि त्याचं बोलणं एकदम सुटलं. "मानसं लई चांगली हायती बगा. जिमीन बारा एकर. थोरला पोरगा तर निस्ती गाय. बिडीसुदिक वढत न्हाई."

मी विहिरीचं विचारत होतो आणि तो पोराचं सांगत होता. मला वाटलं, स्वभावाच्या रकान्याला बरंच झालं. एसटीत बसल्यावर मी सातवी ओळ भरली. आधी पेन्सिल हातात घेतली होती. मग मनात आलं, सहा शाईत आणि एक पेन्सिलीत दिसलं की आप्पा विचारणार का नाही गेलास. पंक्चर सांगितलं की म्हणणार जोड नीट का लावला नाहीस. मी पेन्सिल ठेवली आणि शाईने लिहिलं. 'आठ परस, बांधीव, पाणी चैत्रापर्यंत. माणसे चांगली, मुलगा निर्व्यसनी.' अक्षर सुरेख आलं. माझं अक्षर चांगलंच होतं.

सोमवारी आप्पांनी सातही ओळी वाचल्या. सातवीवर थांबले. "मुलगा निर्व्यसनी आहे, हे तुला विहिरीनं सांगितलं?"

"तिथंच भेटला तो," मी म्हणालो.

"असं होय," म्हणाले आणि वही मिटली.

होळीच्या सुमारास आम्ही निघालो. दोन दिवस वहीप्रमाणे गेले. वहीत 'तुसडा' लिहिलेला माणूस तुसडाच निघाला, आणि त्याच्या आईने आम्हाला ताक दिलं. दिगंबर म्हणाला, "आप्पा, तुम्ही पत्रिका पण बघता का?" तिसऱ्या दिवशी शेवगाव सोडलं. माळ तापलेला, वाट फुफाट्याची, सायकली निम्म्या वेळ हातात धरून चालवाव्या लागल्या. सातव्या विहिरीपाशी मुक्काम होता.

आप्पांचा आणखी एक नियम होता. पाणी जड असतं, म्हणून पुढची विहीर शाईतली असेल तर बाटल्या गळ्यापर्यंत भरायच्या नाहीत, अर्ध्याच भरायच्या. सहाव्या विहिरीवर मी ते पाहत उभा होतो. प्रत्येकाने बाटली अर्धी भरली. दिगंबरने तर तेवढ्यातलंही पाणी पुढे जाऊन तोंडावर मारलं. मी म्हणू शकलो असतो की आप्पा, या वेळी पूर्ण भरून घेऊ. कारण विचारलं असतं, म्हणून म्हणालो नाही. आणि मनात असंही होतं की त्या माणसाने कशाला खोटं सांगावं?

दुपारी दोनच्या पुढे आम्ही म्हसोबापाशी पोचलो. विहीर होती. आठ परस होती, बांधीवही होती. तळाशी दगड होते आणि वाळलेल्या शेवाळाचे पापुद्रे. ते शेवाळ पाहून कळत होतं की पाणी दिवाळीलाच गेलेलं असणार. जानेवारीत कुणी या काठावर उभं राहिलं असतं तर त्याला तेव्हाही हेच दिसलं असतं.

आप्पा काठावर बराच वेळ उभे होते. मग त्यांनी वही काढली, ओळ वाचली, वही पिशवीत ठेवली. माझ्याकडे पाहिलं नाही. दिगंबरची जीभ कोरडी पडली होती तरी चालत होती. "वा, आप्पा. शाईची विहीर. शेंदा आता."

नाल्यापलीकडे मैलभरावर एक वस्ती दिसत होती. आप्पांनी दोन्ही कॅनव्हासच्या बादल्या घेतल्या.

"आम्ही येतो," ओव्हरसियर म्हणाला. तो आमच्यातला धडधाकट.

"वही माझी आहे," आप्पा म्हणाले, "मी जातो. तुम्ही सावलीत बसा."

 बाभळीच्या सावलीत बसून मी माझ्या बाटलीतला शेवटचा घोट प्यायलो.

दोन तासांनी ते आले. डाव्या हातात एक भरलेली बादली होती, उजवा हात पंच्याने गळ्यात बांधलेला. नाल्याच्या उतारावर पाय सरकला होता. "एक सांडली," एवढंच म्हणाले. मनगट सुजून टम्म झालं होतं. आम्ही सगळे प्यायलो तेव्हा मग ते प्यायले.

बैलगाडी मिळवून त्यांना पाथर्डीला नेलं. हाड बसवलं, पण ते नीट बसलं नाही. दोन महिन्यांनी ते कामावर आले तेव्हा उजव्या हाताला सरळ रेघ येत नव्हती. साहेब भला होता. त्याने त्यांना रेकॉर्डरूममध्ये जुने नकाशे सांभाळायला बसवलं. वरची जागा रिकामी झाली, एकेक जण पुढे सरकला आणि वर्षभरात मी पक्का ड्राफ्ट्समन झालो. आप्पांच्या टेबलाजवळची खिडकी मला मिळाली. फेऱ्या बंद पडल्या. राहिला तो दिगंबरचा शब्द.

तो शब्द त्यांच्यासमोरही वापरला जाई. एखादा नकाशा सापडला नाही की कुणीतरी म्हणे, "काय आप्पा, तुमची विहीर का?" ते शांतपणे डाव्या हाताने चिठ्ठी लिहून देत. डाव्या हाताने लिहायला ते शिकले होते. अक्षर पहिलीतल्या मुलासारखं होतं. ज्याने आयुष्यात पाहिल्यावाचून शाई लावली नाही, त्या माणसाचं नाव न पाहिलेल्या गोष्टीला पडलं, आणि ते माझ्यामुळे पडलं, हे मला दर वेळी ऐकावं लागे. हसणाऱ्यांत मीही असे.

एकदा मी धीर केला. रेकॉर्डरूममध्ये ते एकटेच होते. मी म्हणालो, "आप्पा, त्या विहिरीचं मला जरा..."

"विहीर कोरडी होती," ते म्हणाले. "कुठला नकाशा हवाय तुला?"

मी एका नकाशाचा नंबर सांगितला. त्यांनी काढून दिला. मला तो नको होता.

आप्पा निवृत्त झाले, भिंगारलाच राहिले आणि पुढे काही वर्षांनी गेले. मी त्यांना पोचवायला गेलो होतो. त्यांच्या मुलीला आता साठ उलटली आहेत. स्मरणिका तिच्याही हातात पडली. संक्रांतीनंतर ती माझ्याकडे आली, वही घेऊन.

"काका, तुम्ही होता ना त्या फेरीत?" ती म्हणाली. "बाबांची वही खरंच चुकीची होती का? आमच्या घरात ते कधी एका शब्दाने बोलले नाहीत. आई तर शेवटपर्यंत म्हणायची, ह्यांचं एक वेळ डोकं फिरेल, वही चुकायची नाही."

मी म्हणालो, वही ठेवून जा, पाहून सांगतो.

ती गेल्यावर मी शेवगाव-पाथर्डीचं पान काढलं. सहा ओळी माझ्या अक्षरात, शाईत, जशाच्या तशा. सातवी ओळ खरवडलेली होती. ब्लेडने, डाव्या हाताने, त्यामुळे कागद दोन ठिकाणी फाटला होता. त्यांनी खरवडलेली मी पाहिलेली ही एकच शाई. तिच्या जागी पेन्सिलीने, पहिलीतल्या मुलाच्या अक्षरात लिहिलं होतं.

'ऐकीव. विहीर दिवाळीपासून कोरडी. मालकाचा थोरला लग्नाचा आहे. वाटेवर वहीत लिहून घेणारा भेटला तो मुलीकडचा समजून पुतण्याने पाणी सांगितले. पाणी नाही म्हटले तर गावात कोणी मुलगी देत नाही. मालक स्वभावाने लाजाळू. सांगताना रडला. एक बादली जास्त देत होता.'

म्हणजे त्याच दुपारी, त्या वस्तीवर, आप्पांना सगळं कळलं होतं. मी काठावर गेलो नव्हतो, वाटेवरच विचारलं होतं, 'तिथंच भेटला तो' हेही खोटं होतं, हे सगळं माहीत असताना ते ती बादली घेऊन नाल्यातून आले आणि आधी आम्हाला पाजून मग प्यायले.

शेवटचा रकाना होता, 'कोणाकडून ऐकले'. तो कोरा होता. मी सगळी वही चाळून पाहिली. पेन्सिलीतल्या प्रत्येक ओळीला नाव आहे. गुराख्याचं आहे, पोस्टमनचं आहे, एका ठिकाणी 'नेवाशाच्या एसटीतील बाई, नाव सांगितले नाही' असंही आहे. कोरी जागा एवढीच एक. आणि कोरी जागा म्हणजे माहीत नाही. आप्पांना माहीत होतं: ऐकीव गोष्ट वहीत आणणारा मी होतो, तिथे माझं नाव यायला हवं होतं. त्या वहीत त्यांनी स्वतः खोटं केलं असेल तर ते एवढंच.

त्या रकान्यात मी माझं नाव लिहिलं आहे, पूर्ण, वडिलांच्या नावासकट. शाईने. हात आता थरथरतो, त्यामुळे अक्षर आप्पांच्या डाव्या हाताच्या अक्षरासारखं झालं आहे. हा लेख स्मरणिकेच्या मंडळींकडे पाठवतो आहे. दिगंबरला मी फोनवर सांगितलं.  तो म्हणाला, "मी तोंड धुतलं होतं रे त्या पाण्यानं."

परवा मुलगी वही न्यायला आली. मी तिला ते पान उघडून दिलं आणि समोर बसलो. तिने दोनदा वाचलं. माझं नाव वाचलं. मला वाटलं होतं ती उठून जाईल. तिने वही मिटून मांडीवर ठेवली, तिच्या वडिलांसारखीच, पुठ्ठ्यावर तळहात ठेवून.

"मग त्या मुलाचं लग्न झालं का पुढे?" तिने विचारलं.

"माहीत नाही," मी म्हणालो.